परक्या पोटातली गोळी

'परोदर-सेवन' हा शब्द ज्या कुणा सरकारी पंडितानं काढला, त्याला एकदा माझ्या दुकानात काउंटरमागं उभा करायची माझी फार इच्छा आहे. राहा म्हणावं उभा सकाळी दहा ते एक, आणि सांग समजावून रहिमतपूरच्या म्हाताऱ्यांना. मी करून बघितलंय. "परोदर म्हणजे परक्याचं पोट. तुमची गोळी दुसऱ्याच्या पोटात गेली, तर तो गुन्हा." त्यावर एक आजोबा म्हणाले, "मग सरळ 'दुसऱ्याला गोळी घातली' असं म्हण की. त्यो बी गुन्हाच हाय."

मी वृषाली शेडगे. शेडगे मेडिकलची मालकीण, फार्मासिस्ट, आणि चार वर्षांपासून कायद्यानं 'वितरक-पर्यवेक्षक'. म्हणजे पूर्वी नुसत्या गोळ्या द्यायचे, आता त्या कुठं जातात तेही बघायचं.

राज्य औषध वितरण व देखरेख अधिनियम आला तेव्हा मी पेढे वाटले नाहीत, पण बोटंही मोडली नाहीत. झोपेच्या आणि नसांच्या गोळ्या त्याआधी चण्याफुटाण्यासारख्या विकल्या जात होत्या. एका चिठ्ठीवर दहा दुकानं फिरणारे लोक मी पाहिलेत. आमच्या गावातली दोन चांगली नांदती घरं त्या पाकिटांपायी बसली. तेव्हा कुणीतरी लगाम घालायला हवाच होता. फक्त लगाम घालताना घोडा आणि म्हैस यांतला फरक कळावा, एवढंच माझं म्हणणं.

या लगामाची युक्ती मात्र झकास. देखरेखीच्या यादीतल्या प्रत्येक कॅप्सूलमध्ये खसखशीच्या दाण्याएवढी एक चकती असते. तिच्या एका अंगाला तांबं, दुसऱ्या अंगाला मॅग्नेशियम. शाळेत लिंबात दोन धातूंच्या पट्ट्या खोचून दिवा लावायचा प्रयोग आपण सगळ्यांनी केलाय. इथं लिंबाचं काम पोटातलं आम्ल करतं. चकती भिजली की वीस-पंचवीस मिनिटं तिची चिमूटभर वीज चालते, आणि तेवढ्यात ती आपला नंबर पुन्हा पुन्हा सांगत राहते.

सांगते कुणाला? तर रुग्णाच्या बरगडीखाली चिकटवलेल्या पट्टीला. गावात तिला पोटपट्टी म्हणतात. चकतीचा आवाज हवेतून जात नाही, अंगातूनच जातो. शरीर म्हणजे शेवटी मिठाचं पाणी, आणि मिठाच्या पाण्यातून वीज जाते. कातडीपाशी तो आवाज थांबतो. त्यामुळे शेजारी बसलेल्या माणसाच्या पट्टीला तुमची गोळी ऐकू येत नाही. पट्टी त्याच वेळी नाडीही मोजते, आणि सगळी नोंद माझ्या काउंटरवरच्या पडद्यावर येऊन पडते. गोळी घेतली की हिरवी टिकली, राहिली की पिवळी.

आणि सोमवारी सकाळी दुकान उघडलं, तर पडद्यावर लाल टिकली.

"परोदर-सेवन : संशयित. रुग्ण : मालन ज्ञानू साबळे, वय ७८. दुपारची मात्रा. सलग १९ दिवस. वितरक-पर्यवेक्षकाने ७२ तासांत खुलासा सादर करावा."

मालनअक्का! जिनं मला परकरात असल्यापासून पाहिलंय, जी दुकानात आली की आधी माझ्या बापाच्या फोटोला नमस्कार करते आणि मग माझ्याशी भांडते, ती अक्का गोळ्या चोरून देतेय?

खुलासा पटला नाही तर एक वर्ष तिचं औषधपत्र बंद. नुसतं ते एक औषध नाही, यादीतलं कुठलंच नाही. अक्काला दोन वर्षांपूर्वी कमरेवर नागीण उठली होती. फोड गेले, पण नसांतल्या कळा मागं राहिल्या. रोज दोन कॅप्सूल, एक दुपारी, एक झोपताना. त्या नसल्या की लुगड्याची निरीसुद्धा कातडीला सोसत नाही तिला. असं एक वर्ष म्हणजे काय, ते त्या पडद्याला कुठून कळणार!

मी निरोप पाठवला. अक्का अकरा वाजता आली, फोटोला नमस्कार केला आणि स्टुलावर बसली. बसताना तिनं ओठ दाबून धरले, ते मला दिसलं.

"अक्का, दुपारची गोळी कोण खातं?"

"मी. दुसरं कोण खाणार? घरात मी आन् मांजर."

"मशीन म्हणतंय, ती तुमच्या पोटात जात नाही."

"मग काय मांजराच्या जाती?"

मी पडदा तिच्याकडं वळवला. "हे बघा. तुमच्या पट्टीला गोळीचा आवाज येतोय, पण बारीक, भिंतीपलीकडून यावा तसा. आणि त्या वेळेला नाड्या दोन दिसताहेत. एक तुमची, बहात्तर. दुसरी अठ्ठ्याऐंशी. तुमच्या अंगात दोन नाड्या कशा, सांगा मला."

अक्कानं पदर तोंडाला लावला. डोळे मोठ्ठे केले.

"अगं बया! अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी मला दिस गेलं म्हनतीस काय?"

दुकानातली दोन गिऱ्हाइकं फिस्सकन हसली. मीही हसले, आणि लगेच मला कसंतरी झालं. अक्काला मूलबाळ नाही. स्वतःच्या मर्मावर असा विनोद करायचा म्हणजे छातीच लागते. आणि अक्का असा विनोद करते तेव्हा ती काहीतरी झाकत असते, हेही मी अनुभवानं ओळखून आहे.

"अक्का, तीन दिवसांत मला लिहून द्यावं लागणार. तुमचं औषध बंद करतील."

"करूं देत. मी काय अमृत पिऊन आलीया?" असं म्हणून ती उठली, आणि पायरी उतरताना खांबाला धरून दोन मिनिटं तशीच थांबली. एकोणीस दिवस अर्ध्या औषधावर काढले होते बाईनं.

दिवसभर मी तो आलेख पुढ्यात घेऊन बसले. मशीनचं म्हणणं सरळ होतं : आवाज दुबळा, नाड्या दोन, म्हणजे गोळी परक्या पोटात. बरोबर. पण माझ्या डोक्यात भलताच किडा वळवळत होता. परक्या पोटातली गोळी अक्काच्या पट्टीला ऐकूच कशी आली? आवाज तर कातडीपाशी थांबतो. शेजारी बसून भागत नाही. कातडीला कातडी लागावी लागते, आणि तीही ओझरती नाही. आलेखात रोज वीस-वीस मिनिटं होती. शिवाय त्या बारीक आवाजाला एक लय होती. वर-खाली, वर-खाली, सेकंदाला साधारण एक हेलकावा. मशीननं त्यावर शेरा मारला होता, 'उपकरणात छेडछाड?'

छेडछाड कसली! ती लय मी कुठंतरी पाहिली होती. माझ्या आजीचा हात तसा चालायचा. रात्री आजोबांच्या तळपायांना तूप लावून काशाची वाटी घासायची ना, तसा. एका हातानं घोटा धरलेला, दुसऱ्या हातात वाटी. कासं म्हणजे तांबं आणि कथील, वीज वाहणारा धातू. वाटी पायावर टेकली की आवाज वाढणार, उचलली की कमी होणार.

म्हणजे कुणीतरी अक्काची गोळी खात होतं, आणि अक्का त्या माणसाचे पाय घासत होती.

मंगळवारी दुपारी तीनला मी दुकान बंद केलं आणि अक्काच्या गल्लीत गेले. पुढच्या दाराला कडी. म्हणून परसदारानं गेले. तिथं दोन घरांच्या मध्ये पुरुषभर उंचीची एक भिंत आहे आणि भिंतीत एक दिंडी दरवाजा. ती दिंडी अकरा वर्षं बंद होती, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक. ती उघडी होती.

पलीकडं बेबीताईचं घर. बेबी ही अक्काची सख्खी धाकटी बहीण, एकोणसत्तर वर्षांची. आई लवकर गेली, म्हणून अक्कानंच तिला कडेवर वाढवली. मोठी झाल्यावर हट्टानं आपल्याच गावात, आपल्याच गल्लीत लग्न लावून आणली. बाकीच्यांची लाडाची नावं लोक विसरतात, हिचं विसरायची सोय नाही, कारण आधारकार्डापासून रेशनपर्यंत सगळीकडं 'बेबी'च आहे.

आणि या दोघी अकरा वर्षं एकमेकींशी अवाक्षर बोललेल्या नव्हत्या. कारण ऐकाल तर हसाल. लोणचं! बेबीताईनं नातीच्या बारशासाठी कैरीचं लोणचं मुरवत ठेवलं होतं. मध्ये एकदा पाहुणे आले तेव्हा अक्कानं त्या बरणीतून वाढलं. बारशाच्या दिवशी बरणी उघडली, तर वर बोटभर बुरशी. पन्नास बायकांच्या देखत बेबीताई बोलून गेली, "अक्काच्या हाताला गुणच न्हाई. जिथं हात लावंल तिथं नास." पाळण्याजवळ, भरल्या बारशात, आणि कुणाला, तर मूल नसलेल्या बाईला. अक्का एवढंच म्हणाली, "मग आजपासनं माझ्या हातचं पाणी बी पिऊ नगंस." आणि दिंडी लावून घेतली. तेव्हापासून अळीमिळी गुपचिळी.

मी दिंडीतून वाकून पाहिलं. पडवीत चटईवर बेबीताई आडवी, तिचे पाय अक्काच्या मांडीवर. अक्कानं पदराची गाठ सोडली, कॅप्सूल काढली आणि बेबीताईच्या हातात न देता कट्ट्यावर ठेवली. बेबीताई उठली, कट्ट्यावरची कॅप्सूल स्वतः उचलली, स्वतःच्या तांब्यातलं पाणी स्वतः ओतून घेतलं. हातचं काही घ्यायचं नाही म्हणजे नाही! वकिलांनी शिकवणी लावावी या दोघींकडं. मग पुन्हा आडवी झाली, आणि अक्काची वाटी चालू. खरखर, खरखर. दोघींच्या तोंडून शब्द नाही. बेबीताईचे डोळे मिटलेले, आणि चेहरा असा निवांत की मला क्षणभर वाटलं, आल्या पावली परत जावं.

पण घड्याळ चालू होतं. मी आत घुसले. "अहो, काय चाललंय काय हे!"

बेबीताईनं पाय ओढून घेतले. अक्काच्या हातून वाटी निसटून गडगडत अंगणात गेली.

"वृषा, तिला सांग," बेबीताई माझ्याकडं बघत म्हणाली, "मी मागितली नव्हती गोळी."

"वृषा, तिला सांग," अक्का माझ्याकडं बघत म्हणाली, "रात्रंदिस रडल्यावर भिंतीपलीकडं झोप लागत न्हाई. म्हनून दिली."

"तिला म्हणावं, माझी आग माझ्यापाशी. कुणी हौसेनं नव्हतं बोलवलं."

"तिला म्हणावं, बादलीत पाय घालून बसली हुती. बघवंना मला."

मी दोघींच्या मध्ये उभी. टेबलटेनिसच्या जाळीला काय वाटत असेल, ते त्या दिवशी कळलं.

बेबीताईला वीस वर्षांची साखर. तिनं पायांच्या नसा खाल्ल्या होत्या. तळपायाची आग मस्तकात जाते असं आपण रागावल्यावर नुसतं म्हणतो, ही बाई ते शब्दशः भोगत होती. औषध तेच, जे अक्काला चालू होतं.

"मग तुम्ही स्वतःची चिठ्ठी का नाही घेतली बेबीताई? माझ्या दुकानात का नाही आलात?"

बेबीताईनं माझ्याकडं पाहिलं. पोलक्याचा काठ वर केला. बरगडीखाली चार बोटं लांबीचा, काळा पडलेला चट्टा होता.

"आलती की. गेल्या दिवाळीच्या आधी. तूच लावलीस पट्टी. दुसऱ्या दिवशी फोड आलं. मी दाखवायला आले, तर तू काय म्हणालीस? 'पट्टी नको म्हणून नाटकं करू नका. कायदा सगळ्यांना सारखा.' भरल्या दुकानात म्हणालीस. मग न्हाई आले."

मी म्हटलं असणार. दिवाळीच्या तोंडावर दुकानात रेटारेटी, रोज दहाजण पट्टीच्या तक्रारी घेऊन यायचे, त्यातले नऊ खोटे. ही दहावी होती. भरल्या बारशात बोलणारी बेबीताई आणि भरल्या दुकानात बोलणारी मी, यात डावं-उजवं काय करायचं? मला खरंच लाज वाटली, आणि मी तसं बोलून दाखवलं. "चुकलं माझं, बेबीताई."

"वृषा, तिला सांग," अक्का हळूच म्हणाली, "चुकलं म्हनायला येवढासा येळ लागतो."

बेबीताईनं तोंड फिरवलं.

घरी येऊन मी कायद्याची पोथी काढली. चार वर्षांत मी ती पहिल्यांदा पहिल्या पानापासून वाचत होते, हेही कबूल करते. आपण सगळे कायदा शिक्षेच्या पानापासून वाचतो. सत्ताविसाव्या कलमापाशी मी ताडकन उठून बसले.

'अंकस्थ रुग्ण.' पुन्हा तोच पंडित! अंकस्थ म्हणजे मांडीवरचा. तान्ह्या मुलांची कातडी नाजूक, त्यांना पट्टी सोसत नाही. म्हणून कायद्यानं सोय केली होती : मुलाला औषध पाजून आईनं त्याला उघड्या अंगानं कुशीत घ्यायचं, आणि आईच्या पट्टीनं मुलाच्या पोटातली गोळी ऐकायची. म्हणजे कातडीला कातडी लागल्यावर आवाज पलीकडं जातो, हे कायद्याला आधीच माहीत होतं. आणि व्याख्येत वयच लिहिलेलं नव्हतं! 'ज्याच्या त्वचेस पट्टी सोसत नाही व जो औषधकाळी पालकाच्या अंगस्पर्शात असतो असा कोणताही रुग्ण.' खाली एक ओळ होती : 'अशा प्रकरणी पूर्वीचे सेवन सद्हेतूने झाले असल्यास निरीक्षक ते नियमित करू शकेल.'

ज्याला इतका वेळ शिव्या दिल्या, त्या पंडिताला मी मनातल्या मनात साष्टांग नमस्कार केला.

बुधवारी सकाळी आधी डॉक्टरांना पडद्यावर आणलं. त्यांनी बेबीताईचे पाय पाहिले, चट्टा पाहिला, रक्ताचे जुने कागद पाहिले आणि बेबीताईला बाजूला पाठवून मला झापलं. बेबीताईची मूत्रपिंडं साखरेनं थकलेली, तिला अक्काएवढी मात्रा चालणारच नव्हती. आणखी महिनाभर तसंच चाललं असतं तर उभ्या उभ्या कोसळली असती. लाल टिकली अगदीच वेडी नव्हती, हे मला मुकाट्यानं मान्य करावं लागलं. त्यांनी कमी ताकदीची कॅप्सूल लिहून दिली, बेबीताईच्या स्वतःच्या नावानं.

दुपारी तीनला औषध निरीक्षक मुजावरसाहेब आले. पन्नाशीचे, सडपातळ, प्रत्येक कागद दोनदा वाचणारे. त्यांना मी पडवीतच बसवलं. एका बाजूला अक्का, दुसऱ्या बाजूला बेबीताई, मध्ये मी आणि काशाची वाटी.

त्यांनी आलेख पाहिला. म्हणाले, "मॅडम, तर्क चांगलाय. पण मला डोळ्यांनी बघायला लागेल."

बेबीताईनं नवी कॅप्सूल घेतली, अक्कानं घोटा धरला, वाटी सुरू झाली. सात-आठ मिनिटांत साहेबांच्या टॅबवर बारीक लाट उठू लागली. वाटी खाली, लाट वर. साहेब टॅबकडं बघत, मग वाटीकडं, पुन्हा टॅबकडं. शेवटी म्हणाले, "माझी अम्मी पण असंच घासायची. खोबरेल लावून." आणि लगेच खाकरून सरकारी आवाजात आले. "अर्ज भरू या."

अर्ज भरताना नवीनच तमाशा. रुग्णाचं नाव 'बेबी' टाकल्याबरोबर मशीननं विचारलं, 'जन्मवेळचे वजन?'

"पायलीभर ज्वारीयेवढी हुती," अक्का म्हणाली. "मीच घेतली हुती पहिल्यांदा."

साहेबांनी वय एकोणसत्तर टाकलं. मशीन म्हणालं, 'महिने?' तीनदा खोडून चौथ्यांदा ते मानलं. मग साहेब एकेक प्रश्न वाचू लागले.

"पालकाचं रुग्णाशी नातं?"

"थोरली भन," अक्का म्हणाली.

"रुग्णास यापूर्वी अंगावर, कडेवर अथवा मांडीवर वागवण्याचा अनुभव आहे का?"

"नऊ वर्साची हुते तवापासनं हाय," अक्का म्हणाली. "साळंत बी कडेवर घेऊन जायची. मास्तर वर्गात घेईनात, तर दारात बसून शिकले. तिसरीपातूर."

बेबीताई अंगणाकडं बघत होती.

"आता शेवटचं," साहेब म्हणाले, "रुग्णाची तोंडी संमती. रुग्ण बोलता येण्याजोगा असेल तर त्यानं स्वतःच्या आवाजात सांगायचं, की 'या व्यक्तीच्या हातून औषध घेण्यास माझी तयारी आहे', किंवा त्या अर्थाचं कुठलंही वाक्य. अर्थ जुळला की हिरवा दिवा लागतो. अंगठा चालत नाही, सही चालत नाही."

या व्यक्तीच्या हातून! अकरा वर्षं ज्या एका गोष्टीसाठी कट्ट्यावर गोळ्या ठेवल्या, स्वतःच्या तांब्यातलं पाणी प्यायलं, नेमकं तेच तोंडानं बोलायचं होतं.

मी टॅब बेबीताईपुढं धरला. तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. मिनिट गेलं असेल. साहेबांनी घड्याळ पाहिलं.

"बाई, आज संमती झाली नाही तर उद्या दहाला मोठ्या बाईंचं औषध आपोआप बंद होतं. माझ्या हातात नाही ते."

"राहूं द्या साहेब," अक्का म्हणाली. ती वाटी उचलून पदरानं पुसत होती. "तिला नगं असंल तर जबरदस्ती नगं. मी सोशीन. सवय हाय मला कळांची."

हे ऐकलं आणि माझ्या डोळ्यांतून पाणीच आलं. इतकी वर्षं लोकांना मोजून मोजून गोळ्या देते मी, पण स्वतःचं दुखणं असं उचलून दुसऱ्याच्या पदरात न घालणारं माणूस विरळा.

बेबीताईनं मान वळवली. अकरा वर्षांत पहिल्यांदा तिनं अक्काकडं सरळ पाहिलं असावं. अक्का किती म्हातारी झालीय, हे तिला तेव्हाच दिसलं असावं. मग तिनं टॅबकडं तोंड नेलं, माईकवर बोलावं तसं.

"अक्काच्या..." तिनं पदरानं तोंड पुसलं. "अक्काच्या हाताला गुण हाय."

टॅबच्या कोपऱ्यात हिरवा दिवा लागला. अर्थ जुळला होता. मशीनला तो इतक्या चटकन कळला, याचं मला आजही कौतुक आहे.

पण माझाही स्वभाव आहे ना! मी हळूच अंगठा सरकवला आणि तो दिवा झाकला.

"ऐकू नाही आलं मशीनला, बेबीताई. जरा मोठ्यानं."

मुजावरसाहेबांनी माझ्या अंगठ्याकडं पाहिलं. मग चष्मा काढला आणि तो रुमालानं पुसत बसले. चष्मा स्वच्छच होता.

"अक्काच्या हाताला गुण हाय!" बेबीताई म्हणाली. भिंतीपलीकडच्या गल्लीपर्यंत गेलं असेल. "म्या तवा खोटं बोलले. बरणीत वली पळी म्याच घातली हुती. बुरशी माझ्याच हातची. अक्काच्या हाताला गुण हाय, गुण हाय, गुण हाय!"

आणि ती रडायला लागली, लहान पोरीसारखी, नाकातोंडातून.

अक्का माझ्या अगदी शेजारी बसली होती. तिथून तिला माझा अंगठा दिसत होता, आणि अंगठ्याच्या कडेनं झिरपणारा हिरवा उजेडही. तिनं एकदा त्याच्याकडं पाहिलं. मग वाटी खाली ठेवली, बेबीताईचे पाय पुन्हा मांडीवर ओढून घेतले आणि पदरानं आधी तिचं नाक पुसलं.

"सरकारी मशीन हाय, बेबे," ती म्हणाली, "येका येळंत त्याला काय कळत न्हाई. आनखी येकदा म्हन."